आईचा ‘पौष’ आणि न्यूमोनियाचे गुण

जानेवारी २०१९. आई न्यू जर्सीला आमच्याकडे येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. वय ७१. दोन दिवस जेवण नको म्हणत होती, थोडा खोकला होता. ताप मात्र नव्हता. थंडी बाधली असेल म्हणून आम्ही सुंठीचा काढा देत राहिलो. तिसऱ्या रात्री धाप लागली तेव्हा इमर्जन्सी रूम गाठली. उतारवयात न्यूमोनियात ताप येतोच असे नाही, हे मला तिथे कळले.

नर्सने विचारले, “महिना कोणता?” मी भाषांतर केले. आई म्हणाली, “पौष.” पंचांगाप्रमाणे उत्तर बरोबर होते, तसे मी सांगितले. पुढचा प्रश्न, “आपण कुठे आहात?” आई म्हणाली, “सांगलीला.” इथे मी चाचरलो. परक्यांसमोर आईचा गोंधळ उघडा करवेना. “प्रवासाचा शीण आहे,” अशी सारवासारव केली. पत्नीने मला थांबवले आणि नर्सला सांगितले, “परवापर्यंत त्या रोज शब्दकोडे सोडवत होत्या. हे नवीन आहे.”

त्या वाक्याचे मोल डॉक्टरांनी नंतर समजावले. न्यूमोनियाच्या रुग्णाला घरी पाठवायचे की दाखल करायचे, हे निव्वळ अंदाजावर राहू नये म्हणून ठरीव मोजमापे आहेत. त्यांपैकी ‘कर्ब-६५’ हे २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात पाच गोष्टींना एकेक गुण: नव्याने आलेला भ्रम, रक्तात वाढलेला युरिया, मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास, उतरलेला रक्तदाब (वरचा ९० च्या खाली किंवा खालचा ६० वा कमी) आणि वय ६५ वा अधिक. एकापर्यंत गुण असल्यास बहुधा घरी उपचार. तीन वा अधिक म्हणजे आजार गंभीर. आईचे वय आणि श्वास मिळून दोन गुण होतेच. माझ्या सारवासारवीने तिसरा लपला असता.

प्राणवायू आणि शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू झाले. पाचव्या दिवशी आई घरी आली.

मग बिल आले. आम्ही घेतलेला प्रवासी विमा स्वस्त, ठरावीक रकमेचा होता. रुग्णालयाच्या प्रत्येक दिवसामागे नेमकी रक्कम मिळाली; उरलेले हप्त्यांनी आम्हीच फेडले.

वाचकहो, आईवडील येणार असतील तर एवढे करा:

१. विमा घेताना तो ठरावीक रकमेचा की सर्वसमावेशक, हे विचारा. जुन्या आजारांबद्दलचे कलम वाचा.

२. औषधांची मूळ नावे, मात्रा आणि ॲलर्जी एका कागदावर लिहून ठेवा.

३. न्यूमोकोकल लस त्यांनी घेतली आहे का, ते निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

४. रुग्णालयात दुभाषा मागा. त्याचे पैसे पडत नाहीत. मुलाला आईचे बोलणे सावरून घ्यायचा मोह होतो, दुभाष्याला होत नाही.

आई आता सांगलीला आहे. फोनवर मी महिना विचारला की हसते आणि तिथी, वार, नक्षत्रासकट सांगते.