पहिलीचे मूल, पालक आणि शिक्षक

पावसाने जोर धरला की वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड परिसरात पेरणीची एकच लगबग उडते. उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राहून काहीशा उशिरा, जून महिना सरता सरता उघडतात. त्यामुळे सोयाबीन व तूर जमिनीत पडण्याचे दिवस आणि सहा वर्षांचे मूल इयत्ता पहिलीच्या वर्गात प्रथम जाऊन बसण्याचे दिवस येथे बहुधा एकच असतात. आईवडील सकाळीच शेतावर गेलेले असतात व मुलाला शाळेत पोचविण्याचे काम आजीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे येते. शिक्षकही अनेक ठिकाणी तालुक्याच्या गावाहून ये-जा करणारे असतात. परिणामी ज्या तीन-चार आठवड्यांत घर आणि शाळा यांनी एकमेकांशी बोलणे सर्वांत अगत्याचे, नेमक्या त्याच आठवड्यांत त्यांची गाठ पडत नाही. मुलाच्या मनात मात्र शाळेविषयीची गोडी किंवा भीती याच काळात घर करते.

पहिल्या दिवसांत मूल रडते, यात नवल नाही. प्रश्न आहे तो रडणे कशाचे आहे, हे ओळखण्याचा. अंगणवाडीत एकाच सेविकेच्या मायेची सवय झालेले मूल मोठ्या पटांगणात आणि मोठ्या मुलांच्या गर्दीत बावरते. एखाद्याला स्वच्छतागृह कोठे आहे हे विचारण्याचा संकोच वाटतो आणि कपडे ओले झाल्यावर हसणाऱ्या सोबत्यांमुळे ते दुसऱ्या दिवशी शाळेचे नावच काढू देत नाही. एखादे मूल फळ्यावरचे पाहत नाही म्हणून 'लक्ष नाही' असा शेरा मिळवते. वास्तविक त्याला दुरून स्पष्ट दिसतच नसते. कान वाहणाऱ्या मुलाला अर्धे बोलणे ऐकू येत नाही आणि घरी ते 'हट्टी' ठरते. डाव्या हाताने पाटी धरणाऱ्या मुलाचा हात बळेच बदलविण्याचा प्रयत्न अजूनही काही घरांतून होतो, तो सोडून दिलेला बरा.

यांपैकी अर्ध्या गोष्टी घराला ठाऊक असतात, अर्ध्या शाळेला. दोन्ही अर्धे एकत्र आल्याखेरीज मुलाचे पूर्ण चित्र उभे राहत नाही. मूल रात्री दचकून उठते, घरी नुकतेच भावंड जन्मले आहे, आजोबा वारले आहेत, ताप आला की त्याला झटके येतात, या गोष्टी आईने सांगितल्याशिवाय शिक्षिकेस कळणार कशा? उलट मूल मधल्या सुट्टीत एकटे बसते, ताटातला भात तसाच ठेवते किंवा गोष्ट सांगताना त्याचा चेहरा उजळतो, हे शिक्षिकेने सांगितल्याशिवाय घराला कळणार नाही.

घरची बोली

केनवड परिसरातील मूल शाळेत येते ते वऱ्हाडी बोली घेऊन. 'मले', 'तुले', 'कायले' ही त्याची रोजची भाषा असते. पुस्तकात आणि शिक्षकांच्या तोंडी 'मला', 'तुला', 'कशाला' येते. वाशिम जिल्ह्यात बंजारा समाजाची वस्तीही मोठी आहे. तांड्यावरून येणाऱ्या मुलाची घरची भाषा गोरमाटी असते आणि त्याच्या दृष्टीने प्रमाण मराठी ही जवळजवळ नवी भाषाच होय. अशा मुलाचे गप्प राहणे हे मंदपणाचे लक्षण नव्हे. ते ऐकत असते, शब्द गोळा करीत असते. "घरी तं लय बोलते, शाळेत कायले बोलत नाही?" असा प्रश्न आई विचारते, तेव्हा उत्तराची पहिली दिशा तिच्याच वाक्यात असते. मुलाची बोली चुकीची म्हणून हिणविली गेली तर ते बोलणेच थांबविते. शिक्षिकेने घरच्या वीस-पंचवीस शब्दांची विचारपूस आईकडे केली, तर तेच शब्द पुढे वाचनाची पहिली शिदोरी ठरू शकतात. बालकांच्या शिक्षण हक्काचा २००९ चा कायदाही शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मातृभाषा असावे असे सांगतो.

तक्रार आणि माहिती

ग्रामीण पालक शिक्षकांशी बोलण्यास कचरतात. आपण शिकलेलो नाही, गुरुजींना काय सांगावे, ही त्यामागची भावना. दुसऱ्या टोकाला काही पालक मुलाच्या अंगावर ओरखडा दिसताच शाळेच्या दारात आवाज चढवितात. दोन्ही गोष्टींनी मुलाचेच नुकसान होते. वास्तविक पालकाजवळ असते ती माहिती, आणि माहिती सांगण्यास शिक्षणाची अट नाही. काय दिसले, केव्हापासून दिसले, घरी काय करून पाहिले, एवढे सांगितले तरी पुरे. "मॅडम, सोमवारपासून हा सकाळी पोट दुखते म्हणतो, रविवारी मात्र दुखत नाही," या एका वाक्यात अनुभवी शिक्षिकेस पुष्कळ काही कळते. "तुमच्या वर्गात माझ्या मुलाला त्रास आहे," या वाक्याने ती बचावाच्या पवित्र्यात जाते. मुलाच्या देखत असे बोलणे तर टाळलेच पाहिजे. मोठ्यांचे भांडण आपल्यामुळे झाले, ही समजूत सहा वर्षांच्या मनाला फार जड जाते.

भेटीची वेळही विचारपूर्वक ठरवावी लागते. प्रार्थनेच्या घंटेला तीस मुले भोवती असताना शिक्षिकेस कोणाचेच नीट ऐकता येत नाही. शाळा सुटल्यावरची दहा मिनिटे अधिक उपयोगी पडतात. शेतावरून येणे शक्य नसेल, तर निरोप आजीजवळ द्यावा, वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहून घ्याव्यात किंवा संध्याकाळी दूरध्वनी करण्याची वेळ आधी विचारून ठेवावी. वर्गाच्या भ्रमणध्वनी-गटावर मात्र एका मुलाची अडचण सर्वांसमोर मांडू नये.

पालकांशी बोलणे ही शिक्षकाची मेहेरबानी नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या उपरोक्त कायद्याच्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम १७ ने मुलास शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. म्हणजे मार बसल्याची शंका असेल तर ती माहितीच्या पातळीवर ठेवून चालणार नाही. प्रथम मुख्याध्यापकांकडे आणि आवश्यक तर शाळा व्यवस्थापन समितीकडे ती लेखी मांडावी. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात असा दंडक आहे. समितीवरील आई ही गावातील इतर मातांच्या ओळखीची असते. जी गोष्ट शिक्षिकेस सांगण्यास संकोच वाटतो, ती तिच्यामार्फत पोचू शकते.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारी अभियान हाती घेण्यात आले. त्यात पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी शाळेत मेळावे भरविले गेले आणि वस्तीनिहाय मातांचे गट करण्यात आले. मूल शाळेत बसण्यापूर्वीच आई आणि शिक्षिका एकमेकींस ओळखू लागल्या, हा त्याचा फार मोठा लाभ होय. याची मुळे जुनी आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली.

दिसण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सोय आहे. २०१३ पासून या कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथके शाळांतील मुलांची तपासणी करतात. पथक येण्याच्या दिवशी मूल गैरहजर राहिले तर संधी हुकते. म्हणून तो दिवस शिक्षकांनी पालकांस आधी कळवावा आणि पालकांनी आपली शंका शिक्षकांजवळ आधीच नोंदवून ठेवावी.

पेरणीनंतर डवरणी-निंदणी येते, नंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी. घराला पुन्हा उसंत नसते. त्यापूर्वी, पोळ्याच्या सुमारास शिक्षिकेशी आणखी एक गाठ घेता आली तर पहिल्या दोन महिन्यांचा आढावा होतो. कामासाठी परगावी जाणाऱ्या कुटुंबाने तर जाण्यापूर्वी शाळेत सांगितलेच पाहिजे, म्हणजे मुलाचे शिक्षण हमी कार्ड बरोबर देता येते व नव्या गावच्या शाळेत त्याला बसविणे सोपे जाते. न सांगता गेलेले मूल हजेरीपटावर केवळ गैरहजर दिसत राहते आणि परतल्यावर वर्गाच्या मागच्या ओळीत जाऊन बसते.