चेन्नईचं पाणी आणि जुन्या हायब्रिडचा विमा

आज बोलायचंय गाडीच्या विम्याबद्दल, आणि तेही सेकंडहँड हायब्रिड गाडीच्या. मी चेन्नईतून बोलतोय, म्हणून उदाहरणं इथली येतील. पण तुम्ही मुंबईत असा, पुण्यात असा, नाहीतर बेळगावात, पावसाळ्यात तुमच्या गल्लीचा ओढा होत असेल तर हा भाग तुमच्यासाठीही आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईत मुसळधार पावसाचा इशारा आला आणि वेळच्चेरीच्या उड्डाणपुलावर रातोरात मोटारींची रांग लागली. लोकांनी आपापल्या गाड्या उंचावर नेऊन ठेवल्या. बाहेरच्यांना गंमत वाटली. पण या लोकांनी डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ पाहिलं होतं. पळ्ळीकरणैच्या एका सोसायटीत पाण्याच्या लोंढ्यात गाड्या तरंगत गेल्या, एकमेकींवर चढल्या, ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्याआधी डिसेंबर २०१५ चा पूर होताच. बुडालेल्या गाडीचे पैसे विम्यातून किती आणि कसे मिळतात, हे या शहराने दोनदा शिकून घेतलंय.

तरीही जुनी हायब्रिड घ्यावी का? हिशेब मोहात पाडणारा आहे. समजा वर्षाला १२,००० किलोमीटर चालवणार. शहरात साधी पेट्रोल गाडी १३ चं ॲव्हरेज देते आणि हायब्रिड २० चं, असं धरा. एकीला ९२३ लिटर लागतील, दुसरीला ६००. लिटरमागे शंभर रुपये धरले तर वर्षाला ३२,००० वाचले. इथे हायब्रिड म्हणजे खरी, जोरकस हायब्रिड, जी काही अंतर निव्वळ मोटरवर धावते: ग्रँड विटारा, हायरायडर, सिटी यांची ती आवृत्ती, किंवा इनोव्हा हायक्रॉस. नुसतं ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलेल्या गाडीत छोटी मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, एवढंच. जाहिरातीत दोन्हींना एकच शब्द वापरतात, विकणाराही तोच वापरतो. तेव्हा आरसीवर आणि कंपनीच्या माहितीपत्रकात मॉडेलचं पूर्ण नाव बघा.

आता प्रीमियम. त्याचे मुख्य भाग दोन. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. त्याचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीला ३,४१६ रुपये आहेत आणि १५०० च्या वर ७,८९७. हायब्रिडला यात साडेसात टक्के सवलत मिळते. ऐकायला छान वाटतं, पण दीड लिटरच्या गाडीवर ती होते २५६ रुपये. पर्यावरणाला हातभार लावल्याबद्दल अडीच लिटर पेट्रोल, असं म्हणा हवं तर.

खरा खेळ दुसऱ्या भागात, ओन डॅमेजमध्ये. हा दर २००७ पासून कंपन्यांच्या हातात आहे. आधार मुख्यतः अशा गोष्टींचा: गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यापुरती धरलेली किंमत, तिचं वय, आणि ती कुठे नोंदली आहे. चेन्नई, मुंबई, पुणे ही ए झोनमध्ये, नाशिक-नागपूर बी मध्ये, तिथे दर किंचित कमी.

सेकंडहँड घेणाऱ्याला पहिला झटका बसतो तो इथेच. मूळ मालक म्हणतो, “माझा प्रीमियम तर एवढाच येतो.” तो खोटं बोलत नसतो. सलग पाच वर्षं क्लेम केला नसेल तर त्याला ५० टक्के नो क्लेम बोनस मिळत असतो. पण हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. गाडी तुमच्या नावावर झाली की ओन डॅमेजचा आकडा एकदम दुप्पट दिसू शकतो, आणि चालू पॉलिसी नावावर करून घेताना उरलेल्या मुदतीचा फरकही भरावा लागतो. हे काम चौदा दिवसांत अर्ज देऊन करायचं असतं. थर्ड पार्टीचा विमा गाडीबरोबर येतो. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा मात्र अर्जाशिवाय येत नाही, आणि मधल्या काळात पाऊस थांबून राहत नाही. तुम्ही स्वतःची जुनी गाडी विकली असेल तर तिचा बोनस कंपनीकडून लेखी घेऊन ठेवा. तो तीन वर्षांपर्यंत नव्या घेतलेल्या गाडीला लावता येतो. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही.

प्रीमियम वाढला की लोक आयडीव्ही खाली ओढतात. ऑनलाइन तर एक पट्टी सरकवली की झालं. जुन्या टॅरिफनुसार अशा गाडीला, पाच वर्षांच्या आत, आयडीव्हीच्या ३.२८३ टक्के लागत. तोच दर धरू. १२ लाखांची आयडीव्ही १० लाखांवर आणली तर ६,५६६ रुपये कमी. त्यावर कंपनीची ६० टक्के सूट धरली तर प्रत्यक्षात वाचले २,६२६, जीएसटी वेगळा. आता गाडीत पाणी शिरलं आणि दुरुस्तीचा अंदाज आला आठ लाख. खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस धरतात. १२ लाखांवर ती मर्यादा नऊ लाख, म्हणजे गाडी दुरुस्त होऊन परत येते. १० लाखांवर मर्यादा साडेसात. गाडी गेली, हातात दहा लाखांहूनही थोडे कमी, आणि बाजारात तशीच गाडी बाराला. हायब्रिडमध्ये वायरिंग, इन्व्हर्टर, कंट्रोलर सगळं महाग, त्यामुळे ही रेषा लवकर ओलांडली जाते.

आता पाण्याचं. पूर आणि चक्रीवादळ साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीतही असतात. नाकारलं जातं ते इंजिन. पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्व्हेयर म्हणतो, हे पुराने झालं नाही, तुम्ही पाण्यात गाडी सुरू केलीत म्हणून झालं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे अ‍ॅड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. त्यातही अटी असतात, त्या वाचा.

हायब्रिडची गोम अशी की इथे इंजिन तुम्ही सुरू करतच नाही. बटण दाबलं की गाडी आवाज न करता ‘रेडी’ होते आणि इंजिन कधी पेटवायचं ते तिचा कॉम्प्युटर ठरवतो. तुम्हाला वाटतं मी तर मोटरवर हळूच पाण्यातून चाललोय, आणि ऐन मध्ये इंजिन घुर्र करतं. म्हणून साध्या गाडीला सांगतात “सेल्फ मारू नका”, तसं हायब्रिडला “बटणालाच हात लावू नका”. नारिंगी केबलींनाही नाही, त्यांत शेकडो व्होल्ट असू शकतात. आणि पुढची चाकं चालवणारी हायब्रिड दोरीने ओढत नेऊ नका. चाकं फिरली की मोटर फिरते. ती फ्लॅटबेडवरच न्यायची. रोडसाइड असिस्टन्समध्ये फ्लॅटबेड मिळेल का, हे पॉलिसी घेतानाच विचारा.

बॅटरीचा प्रश्न तर सगळेच विचारतात. क्लेममध्ये रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात. घसारा वाचवणारं झिरो डेप, म्हणजे आपलं ‘बंपर टू बंपर’, पुष्कळ कंपन्या पाच-सात वर्षांनंतर देत नाहीत, दिलं तर महाग देतात. इंजिन प्रोटेक्टचंही तसंच. गाडीची किंमत उतरत असताना प्रीमियम का उतरत नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे. माझं मत स्पष्ट आहे: चेन्नईसारख्या शहरात ही दोन्ही संरक्षणं ज्या हायब्रिडला मिळत नाहीत, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. वाचलेल्या ३२,००० मधून ती भागतात. काही कंपन्या बॅटरीसाठी वेगळं अ‍ॅड-ऑनही देतात. घेण्याआधी ‘हायब्रिड’ हा शब्द त्यात आहे की नुसता ‘इलेक्ट्रिक’, ते बघा. टोयोटा या बॅटरीवर आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी येईल ते, वॉरंटी देते. पण पाण्याने बिघडलेली बॅटरी हा वॉरंटीचा विषय नाही, विम्याचा आहे.

आणि महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी शेवटचं. टोटल लॉस झालेल्या गाड्या भंगारातच जातात असं नाही. लिलावात विकल्या जातात, धुऊन-पुसून दुसऱ्या राज्यात उभ्या राहतात. टीएन नंबरची हायब्रिड स्वस्तात दिसली तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून तिचा इतिहास काढा आणि डिसेंबर २०२३ नंतरच्या नोंदी नीट वाचा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांवरचा गंज, डिकीच्या गालिच्याखालचा वास, हेही पाहा. बऱ्याच हायब्रिडांची मोठी बॅटरी मागच्या बाजूलाच असते. तिची तपासणी मशीन लावून करून घ्या आणि कागद हातात आल्यावरच बयाणा द्या.