साहेबाच्या जाचावर लेखी अर्ज

बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात साहेब रोज चारचौघांत पाणउतारा करत असेल, तर मुकाट्याने राजीनामा देण्याआधी कामगाराने लेखी तक्रार करावी. अशा जाचासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. २०१३चा कायदा महिलांच्या लैंगिक छळापुरताच आहे. मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे. घटनेपासून वर्षभरात अर्ज करता येतो. अर्जात ‘साहेब नीट वागत नाहीत’ असे मोघम लिहून भागत नाही. तारीख, शिफ्ट, मशीन, नेमके शब्द, शेजारी कोण उभे होते, हे सगळे त्याच दिवशी टिपलेले हवे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला हवी.

समिती मालकाच्याच खिशात असते, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. पण तिच्यात दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान असतात आणि कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिक जण राजी नसतील तर निर्णयच होत नाही. मला खरी उणीव दिसते ती दुसरीकडे: महिना १८,००० रुपयांहून अधिक पगार घेणारा सुपरवायझर संहितेच्या लेखी कामगारच नाही. जाच त्यालाही होतो; त्याला हे दार बंद ठेवणे अन्यायाचे आहे.