नगरोद्यानातील रानाचा जीर्णोद्धार

मुंबईत धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठी, जेथे १९७७ पर्यंत शहराचा केरकचरा ओतला जाई, त्याच ३७ एकर भूमीवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले व १९९४ मध्ये ते लोकांना खुले झाले. त्या दाट छायेतून एकदा हिंडून आल्यावर ‘आमच्या गावी जागा कोठे आहे’ ही सबब कोणत्याही नगरपालिकेच्या तोंडी शोभत नाही, असे माझे ठाम मत झाले.

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातल्या आमच्या हट्टा गावची गोंडकालीन बावडी पाहावयास दूरदूरची माणसे येतात. परंतु ज्या जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक मुलूख अरण्याने व्यापलेला आहे, तेथेही बाग म्हटली की मादागास्करचा गुलमोहर आणि मध्य अमेरिकेची सुबाभूळ लावण्याची तजवीज व्हावी, आणि साज (ऐन), धावडा, तेंदू, मोह, चार (चारोळी) या रानवृक्षांची आठवणही कोणास होऊ नये, याचा मला मनस्वी खेद वाटतो.

रानाचा जीर्णोद्धार रोपे लावण्याने नव्हे, तर उपटण्याने सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी आणलेली रायमुनिया, म्हणजेच घाणेरी, देशभर माजली आहे; ती वरून छाटली तर बुंध्यापासून दुप्पट जोमाने फुटते, जाळली तरी पुन्हा उठते. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांचे सहकारी यांनी तिच्या याच स्वभावाचा बारकाईने अभ्यास करून कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात जी रीत रूढ केली, ती मला अत्यंत मार्मिक वाटते: खोड व मूळ यांच्या सांध्यापाशी जेथून नवे धुमारे फुटतात, त्याच्या किंचित खाली कुदळीने मुख्य मूळ तोडावयाचे, आणि सबंध झुडूप उचलून मुळे आकाशाकडे करून उलटे ठेवावयाचे, म्हणजे ते पुन्हा माती धरीत नाही. एवढ्याने काम संपत नाही. बुलबुल व साळुंक्या घाणेरीची फळे खाऊन ज्या झाडांवर विसावतात त्यांच्या तळाशी बिया पडून नवी रोपे उगवतात, ती पावसाळ्यानंतर दरसाल हाताने वेचावी लागतात. हा खर्च अंदाजपत्रकात धरला नाही तर दोन-चार पावसाळ्यांत सर्व श्रम मातीमोल होतात.

मोकळ्या झालेल्या भूमीवर काय लावावे, याचा निवाडा मी कीटकांवर सोपवीन. बॅरोनेट नावाच्या नारिंगी फुलपाखराची हिरवी अळी, अंगावरचे पिसांसारखे फाटे पसरून, तेंदूच्या पानाच्या शिरेलगत अशी निश्चल पडून राहते की शोधणाऱ्याची नजरही तिच्यावरून घसरून जावी. तिला तेंदू किंवा साल पाहिजे. गुलमोहराखाली ती उपाशीच मरेल. बहाव्यावर दुसरीच पिवळसर फुलपाखरे वाढतात, आणि त्यांच्या अळ्यांवर पाखरांची पिले पोसली जातात.

सालवृक्षाचा आग्रह मात्र येथे धरू नये. त्याचे राज्य जिल्ह्यातील बैहरच्या पठाराकडे. आमच्या बाजूस मोह लावावा. त्याचे बी पावसाच्या तोंडाशी पिकते व त्याची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही, म्हणून ते कोठीत साठवून हुकुमाची वाट पाहत बसता येत नाही. शिवाय त्याचे सोटमूळ खोल जाणारे, तेव्हा पिशवीतील रोपापेक्षा ताजे बी जागेवरच पेरणे मी अधिक पसंत करीन, आणि पहिली काही वर्षे गुरांपासून त्याच्या रक्षणासाठी कुंपणाचा चोख बंदोबस्त ठेवीन.