अक्षर कोणाचे, जाहिरात कोणासाठी?

सकाळी दंतमंजनाची डबी उघडल्यापासून रात्री औषधाची गोळी घेईपर्यंत आपल्या डोळ्यांपुढून शेकडो छापील अक्षरे आणि चित्रे जातात. दुधाची पिशवी, बिस्किटाचा पुडा, एस.टी.वरची पाटी, रेशन दुकानाचा फलक, चौकातला फ्लेक्स, भिंतीवरचे कॅलेंडर, लग्नपत्रिका, मोबाईलवर येणारे जयंतीचे शुभेच्छापत्र. ही सारी आपण मुद्दाम वाचतो असेही नाही. ती नुसती दिसत राहतात आणि मनात घर करतात. पण यातले एकही अक्षर आपोआप उगवलेले नसते. ते किती मोठे असावे, कोणत्या रंगात आणि कोणत्या भाषेत असावे, त्याच्या शेजारी कोणाचा चेहरा असावा, हे कोणीतरी बसून ठरवलेले असते. या ठरवण्याच्या कामालाच डिझाईन किंवा संकल्पन म्हणतात.

उपयोजित कलेचे शिक्षण घेताना कोणताही छापील कागद हाती आला की दोन प्रश्न विचारायचे, ही सवय लागते. हे कोण बोलत आहे? आणि कोणाशी बोलत आहे? आपल्या समाजातून आलेल्या विद्यार्थ्याच्या मनात मात्र तिसरा प्रश्नही उभा राहतो. हे कोणाला वगळून बोलत आहे? हा तिसरा प्रश्न आपल्याला आपल्या इतिहासाने शिकवला आहे.

पैसे देऊनही न छापलेली जाहिरात

परमपूज्य बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी मुंबईत 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. हे पत्र निघत आहे याची जाहिरात 'केसरी'कडे पाठवण्यात आली होती. फुकट नव्हे, रीतसर पैसे देऊन छापण्याची विनंती होती. तरीही ती छापली गेली नाही. जाहिरातीची जागा ही बाजारात विकली जाणारी वस्तू आहे, ज्याच्याकडे पैसा आहे त्याला ती मिळते, असे आपल्याला सांगितले जाते. येथे पैसा पुढे केला होता, जागा मात्र नाकारली गेली.

बाबासाहेबांनी त्यावर स्वतःची जागा निर्माण केली. 'मूकनायक'च्या शिरोभागी संत तुकारामांचा अभंग होता, तर 3 एप्रिल 1927 रोजी सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत'च्या शिरोभागी ज्ञानेश्वरांची ओवी होती. पुढे 1930 साली 'जनता' आणि 1956 साली 'प्रबुद्ध भारत' निघाले. ही चार नावे एका ओळीत लिहून पाहा. मुका, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध. समाजाचा सारा प्रवास चार मथळ्यांत आला आहे. पत्राचे नाव काय असावे, मथळ्याखाली कोणते वचन असावे, याचा इतका विचार करणारा माणूस अक्षराची ताकद पुरेपूर ओळखून होता.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी

चांगले संकल्पन म्हणजे नुसती सजावट, असा एक गैरसमज आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीकडे पाहा. 1951-52 साली देशात शंभरात सुमारे अठरा माणसे साक्षर होती. तरीही प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मताचा अधिकार मिळाला होता. बाबासाहेबांच्या देखरेखीखाली घडलेल्या संविधानाने एक माणूस, एक मत हे तत्त्व दिले होते. पण अक्षर न येणाऱ्या बाईने मत द्यायचे कसे? त्यासाठी चिन्हे आली. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. ज्या मायमाउलीने कधी पाटीला हात लावला नव्हता, तिलाही हत्ती ओळखता येत होता. एका साध्या चित्राने तिचा अधिकार तिच्या हाती दिला.

कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण हे असेच दुसरे उदाहरण. 1960च्या दशकाच्या अखेरीपासून तो खेडोपाडीच्या भिंतींवर आणि दवाखान्यांवर रंगवला गेला. बाजूला आई, वडील आणि दोन मुले असे चार चेहरे असत. ते वाचावे लागत नव्हते, बघितले की कळत होते. वाचता न येणाऱ्याला कमी न लेखता त्याच्याशी बोलणे, ही या कामातली खरी कसोटी आहे.

बाटलीवरचा हिरवा त्रिकोण

ही कसोटी सगळेच पार करतात असे नाही. कीटकनाशकाच्या बाटलीवर तिरका उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. लाल रंगाच्या वर कवटी आणि हाडांचे चित्र असते.

आता फवारणी करणाऱ्या मजुराच्या जागी उभे राहून हा रंग वाचा. रस्त्यावरचा हिरवा दिवा म्हणजे 'जा'. खाण्याच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मग बाटलीवरचा हिरवा त्रिकोण म्हणजे 'काही धोका नाही' असेच त्याला वाटणार. वास्तविक त्याचा अर्थ 'विष आहे, त्यातल्या त्यात सौम्य' असा आहे. निळ्या रंगावरून तर कसलाच अर्थ लागत नाही. त्यातून आपल्याकडे या विषाला बोलताना 'औषध'च म्हणतात. सूचना बारीक अक्षरात, घडी घातलेल्या पातळ कागदावर असतात. शेतात उन्हात उभ्या असलेल्या माणसाने तो कागद उघडून वाचावा अशी अपेक्षा!

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. त्यामागे अनेक कारणे होती. अंगावर संरक्षक कपडे नव्हते, उंच वाढलेल्या पिकात फवारणी चालली होती, निरनिराळी रसायने एकत्र मिसळली जात होती. एकट्या चिठ्ठीला दोष देता येणार नाही. पण ज्याच्या जिवाला धोका आहे त्यालाच वाचता येणार नाही अशी सूचना छापणे, म्हणजे कायद्याची पूर्तता करून माणसाला वाऱ्यावर सोडणे होय. अंगावर पंप घेऊन रानात जाणारे हात बहुतेक वेळा भूमिहीनाचे असतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

गोऱ्या रंगाचा बाजार

आता घरातल्या दूरचित्रवाणीकडे वळू. 1975 साली 'फेअर अँड लव्हली' हे मलम भारताच्या बाजारात आले. पुढच्या काळात अशा मलमांच्या जाहिरातींचा एक ठराविक साचा बनला. सावळी मुलगी खिन्न बसलेली, नोकरी नाही, लग्न जमत नाही. मग मलम लावले, रंग उजळला आणि सारे दरवाजे उघडले. मलम ही दुय्यम गोष्ट होती. खरा माल होता न्यूनगंड. आधी मुलीच्या मनात तो पेरायचा आणि मग त्यावरचा उपाय तिला विकायचा.

रंगावरून, जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याचा हा प्रकार आपल्याला नवा नाही. फक्त जुन्या पोथीची जागा आता रंगीत पडद्याने घेतली. विरोध वाढल्यावर जाहिरातदारांच्या स्वनियमन संस्थेने, म्हणजे ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने, 2014 साली नियम केले. सावळ्या माणसाला दुःखी, कुरूप किंवा अपयशी दाखवू नये, असे त्यात सांगितले. 2020 साली त्या मलमाच्या नावातला 'फेअर' हा शब्दही गेला आणि ते 'ग्लो अँड लव्हली' झाले. नाव बदलले, पण विवाहाच्या जाहिरातीत 'गोरी वधू पाहिजे' लिहिणारी लेखणी अजून थांबलेली नाही. दुर्दैवाने आपल्या समाजातल्या काही घरांतही ती चालते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मुलीचा रंग विचारला जावा, ही खेदाची गोष्ट आहे.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश येथे आठवावा. वारंवार कानावर पडते म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काहीही मानू नका. त्याचे फळ हितकारक की अहितकारक, हे स्वतः पारखा, असे भगवंतांनी सांगितले. जाहिरातीचे सारे बळ पुन्हापुन्हा सांगण्यात आणि प्रसिद्ध चेहऱ्यात असते. तेव्हा मुलांना शेजारी बसवून जाहिरात बघावी आणि विचारावे, 'यात आपल्याला काय नाही असे सांगितले? ते खरे आहे का?' आईवडिलांनी एवढे केले तरी घरातल्या घरात धम्माचा एक वर्ग भरेल.

आपले फलक, आपली कॅलेंडरे

दुसऱ्याच्या जाहिरातीची चिकित्सा करताना आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. आपल्याकडे दृश्यकलेचा मोठा वारसा आहे. निळा झेंडा दुरून दिसला तरी आपली वस्ती ओळखता येते. 1885 साली श्रीलंकेत तयार झालेला धम्मध्वज निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि नारिंगी अशा पाच रंगांनी जगभरच्या बौद्धांना जोडतो. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तके, तसबिरी, बिल्ले आणि कॅलेंडरे यांची केवढी मोठी बाजारपेठ भरते! आपल्या कॅलेंडरात 1 जानेवारी, 3 जानेवारी, 20 मार्च, 14 एप्रिल या तारखा ठळक असतात. कोणती तारीख ठळक छापायची हे ठरवणे म्हणजेच कोणाचा इतिहास मोजायचा हे ठरवणे आहे.

परंतु चौकातल्या जयंतीच्या फ्लेक्सकडे पाहिले की मन खट्टू होते. वीस-पंचवीस इच्छुकांचे चेहरे, प्रत्येकाचा गॉगल आणि हात जोडलेली मुद्रा. या गर्दीत महामानवाचे चित्र कोपऱ्यात ढकललेले असते. व्याख्यान कोणाचे, किती वाजता, कोठे, हे शोधावे लागते. पूर्वी वस्तीतला पेंटर कापडावर हाताने अक्षरे काढी. त्याला प्रत्येक अक्षराचे कष्ट पडत, म्हणून तो मोजकेच लिही आणि ते दुरून वाचता येई. फ्लेक्स स्वस्त झाला, पेंटरचा धंदा बसला आणि मोजकेपणही गेले.

मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी काही साध्या सूचना कराव्याशा वाटतात. फलकावर एकच मुख्य चित्र असू द्या. एकच मुख्य वाक्य असू द्या. तारीख, वेळ आणि ठिकाण सर्वांत ठळक हवे. निळ्यावर पांढरे अक्षर लांबून स्पष्ट दिसते, तांबड्यावर निळे डोळ्यांना त्रास देते. फलक छापण्यापूर्वी नमुना भिंतीला लावून वीस पावलांवरून एखाद्या आजोबांना वाचायला सांगा. त्यांना वाचता आला तर छापा. 'मुक्ता', 'बालू' यांसारखी चांगली देवनागरी अक्षरवळणे संगणकासाठी मोफत मिळतात. ती मुंबईच्या 'एक टाईप' या गटाने घडवली आहेत. चांगल्या फलकाला जास्त पैसा लागत नाही.

घरात बसल्या बसल्या वाचा

आपल्या भगिनींसाठी उपयोगाच्या काही खुणा येथे देत आहे.

गॅसच्या टाकीवरील वरच्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी हे इंग्रजी अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ती टाकीच्या पुढील तपासणीची मुदत असते. मुदत उलटलेली टाकी घेऊ नये.

गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

कीटकनाशकाची बाटली कोणत्याही रंगाची असो, मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि रिकामी झाल्यावर पाण्यासाठी वापरू नये.

कुंचला आपल्या हाती

चुकीचे चित्र पुसायचे असेल तर काढणारा हात आपला हवा. या क्षेत्रात विद्यार्थ्यालाही मोठे काम करता येते. दूरदर्शनचे परिचित बोधचिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेतल्या देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याच्या रेखाटनातून आले. 2010 साली स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह मुंबई आय.आय.टी.मध्ये डिझाईन शिकलेल्या उदयकुमार यांचे आहे. संगणकावरचे 'मंगल' हे देवनागरी अक्षरवळण तेथेच अध्यापन केलेल्या र. कृ. जोशी यांनी घडवले.

आपल्या वस्तीत चित्रकलेची वही भरणारी मुले-मुली कमी नाहीत. पण 'चित्र काढून पोट भरते का?' असे विचारून आपण त्यांना गप्प करतो. त्यांना शाळेतच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसवावे. बारावीनंतर मुंबईचे सर ज. जी., नागपूर व छत्रपती संभाजीनगरची शासकीय कला महाविद्यालये यांचे मार्ग खुले आहेत. राष्ट्रीय डिझाईन संस्था आणि आय.आय.टी. यांच्या वेगळ्या प्रवेशपरीक्षा असतात. राखीव जागा आहेत, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. माहितीअभावी या जागांकडे पाठ फिरवू नये.

या व्यवसायात उतरणाऱ्यांनी मात्र सम्यक वाणी आणि सम्यक आजीव ही दोन अंगे सोबत ठेवावीत. खोटे न सांगता वस्तू विकता येते, कोणाला हिणवले नाही तरी चित्र देखणे होते. ज्या समाजाची जाहिरात पैसे देऊ करूनही छापली गेली नव्हती, त्या समाजाच्या लेकीने उद्या विषाच्या बाटलीवर मजुराला कळेल अशी खूण काढावी, एवढीच अपेक्षा.

जय भीम!