मद्य, अमली पदार्थ व रस्त्यावरील अपघाती मृत्यू

रस्त्यावरील अपघातात मरण पावलेल्या चालक, प्रवासी वा पादचारी यांच्या शरीरातील अल्कोहॉल किंवा अमली पदार्थ शोधणे व त्यांचा अपघाताशी असलेला संबंध ठरविणे, हा न्यायवैद्यक व वाहतूक सुरक्षा या दोन्ही शाखांचा विषय आहे. पदार्थ आढळणे आणि तोच अपघाताचे कारण असणे या भिन्न गोष्टी होत.

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटासारख्या रस्त्यावर चालकाला वेग, वळण व समोरचे वाहन यांकडे एकाच वेळी लक्ष द्यावे लागते. ही क्षमता अल्प मद्यानेही घटते. झोकांड्या जाण्याची अवस्था पुष्कळ नंतरची. तथापि केवळ मृतांच्या तपासणीवरून धोका मोजता येत नाही. विल्यम हॅडन व सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात वाहनाखाली मेलेल्या पादचाऱ्यांची तुलना त्याच जागी, त्याच वारी व वेळी जाणाऱ्या जिवंत पादचाऱ्यांशी केली. मद्य घेतलेल्यांचे प्रमाण मृतांत अधिक आढळले. अशी तुलना नसेल, तर मृतांची टक्केवारी फारसे काही सांगत नाही.

मापनही सोपे नाही. जखमी व्यक्ती काही तास जगल्यास रक्तातील अल्कोहॉल दर तासाला १०० मिलि.मागे सुमारे १५ मिग्रॅ. इतके घटत जाते. याउलट मृत्यूनंतर सूक्ष्मजीवांच्या क्रियेने ते नव्याने तयार होऊ शकते. चवदार तळ्यामुळे प्रसिद्ध असलेल्या महाडजवळ मुंबई–गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ रोजी रात्री पुरात कोसळला व त्यात एस. टी.च्या दोन गाड्या वाहून गेल्या. येथे मृत्यूचे कारण उघड होते. परंतु मृतदेह पुढे अनेक दिवस नदीच्या खालच्या भागात सापडत राहिले. इतका काळ पाण्यात राहिलेल्या देहात, आयुष्यात मद्याला न शिवलेल्या माणसाच्याही रक्तात, अल्कोहॉल आढळणे शक्य असते. म्हणून शवपरीक्षेत मांडीच्या नीलेतील रक्त घेऊन त्यात सोडियम फ्लुओराइड मिसळतात आणि शक्य तेव्हा डोळ्यातील काचाभ द्रवही तपासतात.

अमली पदार्थांबाबत गुंता अधिक आहे. गांजाचे चयापचयजन्य अवशेष नशा उतरल्यावरही कित्येक दिवस लघवीत सापडतात. झोपेच्या व सर्दीच्या काही औषधांनीही गुंगी येते, पण ती घेणाऱ्याला कोणी व्यसनी म्हणत नाही.

मोटर वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलि. रक्तात ३० मिग्रॅ.हून अधिक अल्कोहॉल असणे गुन्हा आहे. अमली पदार्थांसाठी अशी संख्यात्मक मर्यादा नाही, वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास चालक असमर्थ होता काय, हे पाहिले जाते. मृतावर खटला चालत नसला, तरी अहवाल निरर्थक ठरत नाही. वैयक्तिक अपघात विम्यातून नशेच्या अमलाखाली झालेली इजा सामान्यतः वगळलेली असते, त्यामुळे नमुना कोठून, केव्हा व कसा घेतला यावर मृताच्या कुटुंबाचा दावा अवलंबून राहू शकतो.