व्होल्टेज वाटेत कुठे जातं? ओहमचा नियम आणि पूर्ण सर्किट

आज आपण व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स या तीन गोष्टी समजून घेणार आहोत. व्याख्या तर आपल्याला पाठ असतात. पण विट्याजवळच्या एखाद्या मळ्यात बोअरची मोटर नुसती गुणगुणते, पाणी काही येत नाही, तेव्हा त्या व्याख्या उपयोगी पडल्या पाहिजेत.

पाण्यापासून सुरुवात करू. टेंभू योजनेत कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडीकडे आणलं जातं. पंप पाण्याला दाब देतो, तसं चार्जला ढकलणारं ते व्होल्टेज. सेकंदाला किती चार्ज वाहतो, तो करंट. पाइप लांब आणि बारीक असला की पाण्याला अडथळा होतो, तसा वायरमध्ये होतो तो रेझिस्टन्स. जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये यांचं नातं मांडलं: व्होल्टेज = करंट × रेझिस्टन्स.

आता ही उपमा कुठे तुटते ते बघा. रानात सोडलेलं पाणी नदीला परत जावं लागत नाही. करंटला मात्र परत यावंच लागतं. फेजमधून जितका जातो, तितकाच न्यूट्रलमधून परत येतो. वाट कुठेही तुटली, की सगळा करंट थांबतो. म्हणून सर्किट पूर्ण हवं.

एक उदाहरण सोडवू. मीटरपासून बोअर ३०० मीटरवर आहे. सिंगल फेज १ एचपीची मोटर ७ अँपिअर घेते. वायर तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची. तिचा रेझिस्टन्स १०० मीटरला साधारण ०.७ ओहम. वायर किती धरायची? ३०० मीटर नाही, जाऊन-येऊन ६०० मीटर! म्हणजे ४.२ ओहम. ७ ने गुणलं की सुमारे २९ व्होल्ट वायरमध्येच गेले. मीटरपाशी २३० असले, तरी मोटरला साधारण २०१ मिळाले. एसी मोटरचं नेमकं उत्तर थोडं वेगळं येईल, पण अंदाजाला हे पुरे.

पंपावरचा भार तोच असल्यामुळे कमी व्होल्टेजवर मोटर जास्त करंट ओढते. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सुरू होताना तर करंट नेहमीच्या कितीतरी पट असतो. त्या वेळी व्होल्टेज आणखी पडतं आणि मोटर फिरलीच नाही, तर थोड्याच वेळात जळू शकते. ऐन उन्हाळ्यात रिवाइंडिंगचा खर्च तर होतोच, वर पीकही वाळतं.

आता नेहमीची चूक. मोटर बंद ठेवून बोअरपाशी व्होल्टेज मोजलं, तर पूर्ण २३० दिसतं आणि आपण म्हणतो, "लाइन ठीक आहे, मोटरच खराब." पण करंट शून्य असेल, तर वायरमधली घटही शून्यच ना! म्हणून मोटर चालू असताना, जाणकार वायरमनकडून, दोन्ही टोकांना मोजून घ्यायचं. मीटरपाशीच कमी असेल, तर दोष सप्लायकडे. मीटरपाशी ठीक आणि बोअरपाशी कमी असेल, तर वायर बारीक आहे किंवा एखादा जोड सैल आहे. दोन्हीकडे ठीक असेल, तरच मोटर खोलायची.

घरी एक गणित करा. हीच वायर ६ चौरस मिलिमीटरची घेतली, तर किती व्होल्ट जातील? उत्तर सुमारे १२ यायला हवं. पुढच्या भागात सिरीज आणि पॅरलल जोडणी बघू.